मिजाज मुलाचा की जमातीचा?

'मिजाज' हा शब्द मराठीत आला आणि त्याची 'मिजास' झाली. मिजास म्हणजे ऐट, तोरा. मिजासखोर माणूस कोणालाच आवडत नाही. उर्दूत मात्र हा शब्द अजून आदबीने वावरतो. 'मिजाज कैसे हैं?' असे विचारले की समोरच्याची तब्येत, मन, त्या दिवसाचा त्याचा रंग असे सगळेच विचारले जाते. मूळ अरबी धातूचा अर्थ आहे मिसळणे. मिजाज म्हणजे मिश्रण. माणूस कशाकशाचा मिळून बनला आहे, ते.

आमच्या घरात हा शब्द नानीच्या तोंडी असायचा. नानीचे माहेर राजुऱ्याचे, म्हणजे त्या वेळच्या निजामी मुलखातले. अब्बा आलापल्लीच्या लाकूड डेपोत मुन्शी होते. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता. सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. आम्ही दोघे भाऊ. आम्ही बडबडे आणि धाकटा अबोल. पाहुणे आले की आम्ही त्यांच्या मांडीवर आणि तो दाराआड. दोन तासांनी, पाहुणे उठायला लागले की हा हळूच येऊन त्यांच्या चपलांपाशी बसायचा. अम्मी वैतागायची. नानी म्हणायची, "उसका मिजाजच वैसा है. थोडी देर लगती उसकू."

शाळेत ही थोडी देर कोणी दिली नाही. वर्गात शेवटची रांग होती. तिला गुरुजी 'मुकी रांग' म्हणत. त्या रांगेत वसतिगृहातली माडिया पोरे बसत आणि त्यांच्याच शेजारी आमचा भाऊ. माडिया पोरांना मराठी कळत नव्हते. भावाला कळत होते, पण बोलायला वेळ लागत होता. गुरुजींच्या लेखी दोघांचे दुखणे एकच. वर्षाच्या शेवटी त्यांनी अब्बांना सांगितले, "तुमच्या लोकांत शिक्षणाचं वळण नाही, त्याला तो काय करणार!" आणि माडिया पोरांविषयी म्हणाले, "ही जातच बुजरी." गुरुजी दुष्ट नव्हते. आमच्यावर तर त्यांची मायाच होती, कारण आम्ही धडाधड बोलत असू. पण एकाच दमात त्यांनी एका मुलाचा स्वभाव त्याच्या बिरादरीच्या खात्यावर मांडला आणि वीस-पंचवीस मुलांचे वीस-पंचवीस स्वभाव एका जमातीच्या नावावर पुसून टाकले. हे वळण त्यांना कुठून आले असेल, याचा शोध आम्ही पुढे बरीच वर्षे घेत राहिलो. हा लेख त्या शोधाचाच आहे.

नानीपासूनच सुरुवात करू. नानी शाळेत गेली नव्हती, पण तिच्या बोलण्यामागे हजार वर्षांची हिकमत उभी होती. युनानी वैद्यकात शरीराचे चार रस मानले आहेत: दम, बलगम, सफरा आणि सौदा, म्हणजे रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. हा विचार ग्रीकांचा. जालिनूसने, म्हणजे गॅलेनने तो पक्का केला आणि अरबी-फारसी हकिमांनी त्याचे शास्त्र केले. इब्न सीना (980 ते 1037) यांचा 'अल-कानून' हा ग्रंथ 1025च्या सुमारास पुरा झाला. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि पुढची काही शतके तो युरोपच्या विद्यापीठांत शिकवला गेला. चार रसांचे शरीरशास्त्र आज टिकत नाही, हे उघड आहे. पण इब्न सीनांनी मिजाजाविषयी जे विचार मांडले त्यातले दोन आजही ताजे आहेत.

पहिला असा, की प्रत्येक व्यक्तीला तिचा स्वतःचा मिजाज असतो आणि तो जसाच्या तसा दुसऱ्यात सापडणे दुर्मिळ. एखादा माणूस बरा आहे की आजारी, हे त्याच्याच नेहमीच्या स्थितीशी ताडून पाहायचे, शेजाऱ्याशी नव्हे. दुसरा विचार असा, की मिजाज जागेशी बांधलेला आहे. हिंदच्या लोकांचा मिजाज एक, सकालिबांचा म्हणजे स्लाव लोकांचा दुसरा. दोघेही आपापल्या हवेत ठीक. हिंदी माणसाच्या अंगात स्लावाचा मिजाज घातला तर तो आजारी पडेल, आणि उलटही तसेच. आता या दुसऱ्या विचारात धोका आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. 'हिंदच्या लोकांचा मिजाज' असे एकदा म्हटले की तिथून 'त्या जातीचा स्वभाव' फार लांब नाही. इब्न सीना त्या वाटेने गेले नाहीत. त्यांचा प्रश्न हकिमाचा होता: या माणसाला या हवेत काय मानवेल? कोण वरचा आणि कोण खालचा, हा तो प्रश्न नव्हता.

'कानून'मध्ये मुलांच्या संगोपनावर जी पाने आहेत ती आमच्या समाजात फारशी कोणी वाचत नाही, याचे वाईट वाटते. तान्ह्या बाळाला दोन गोष्टी मानवतात, असे इब्न सीना म्हणतात: हलके झुलवणे आणि गाणे. बाळ यांतले काय किती स्वीकारते यावरून त्याच्या शरीराची व्यायामाकडची आणि मनाची संगीताकडची ओढ कळते. मूल मोठे होऊ लागले की त्याला तीव्र राग, भीती, दुःख आणि जागरण यांपासून जपावे. त्याला काय हवे आणि कशाचा तिटकारा आहे ते पाहून हवे ते जवळ आणावे, नको ते दूर करावे. सहाव्या वर्षी उस्तादाकडे सोपवावे, पण एकदम किताबाला जुंपू नये. म्हणजे पाळण्यातल्या पोराचीही स्वतःची आवड-नावड असते आणि ती आधी नीट पाहायची असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

इमाम गजाली (1058 ते 1111) यांचे नाव आमच्या वाज-तकरिरीत हरघडी येते. त्यांच्या 'इह्या'मध्ये मुलांच्या तरबियतीवर जे प्रकरण आहे, त्यात लाजऱ्या मुलाविषयी ते म्हणतात की मुलात हया दिसू लागणे ही अकलेची खूण आहे. अशा मुलाकडे दुर्लक्ष करू नये, त्याच्या लाजेचाच आधार घेऊन त्याला शिकवावे. मकतबातून आल्यावर मुलाला खेळू द्यावे, नाहीतर त्याचे मन मरते, असेही ते सांगतात. वाजमध्ये हे आम्ही अजून ऐकलेले नाही.

मग व्यक्तीचा मिजाज जमातीचा कधी झाला? जगभरात ही खोड जुनीच आहे. पण आमच्या या मुलखात ती कागदावर, सरकारी शिक्क्यासह उतरली ती इंग्रजी अमलात. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांच्या हाती आला. मग जमाबंदी आली, अहवाल आले. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल 1869चा आहे. गोंड राजांविषयी त्यात आदर दिसतो, तळी-किल्ल्यांचे कौतुक दिसते. राज्य चालवणारे, तळी खोदणारे, किल्ले बांधणारे गोंड एकीकडे आणि नंतरच्या अहवालांतले 'भित्रे', 'बुजरे', 'रानटी' गोंड-माडिया दुसरीकडे. हे दोघे एकाच लोकांचे वर्णन आहे, हे विसरले गेले. 1916 मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. आम्ही त्याचे ऋणी आहोत, कारण त्यातली माहिती इतरत्र मिळत नाही. पण जातवार मांडणीत पेहराव, लग्नविधी, देवधर्म यांच्या जोडीने स्वभावही येऊ लागला की वाचणाऱ्याला तोही पेहरावासारखाच वाटतो, सगळ्यांनी सारखा घातलेला.

गंमत अशी, की ज्या माडियांना भित्रे म्हटले गेले त्यांच्याच बस्तरमधल्या भाऊबंदांना खुनशी म्हटले गेले. व्हेरियर एल्विन यांनी 1943 मध्ये बस्तरच्या माडियांतील खून आणि आत्महत्या यांवर पुस्तक लिहिले. खुनाचे शंभर खटले त्यांनी तपासले. जमातच रागीट, या उत्तरावर ते थांबले नाहीत. एकेका खटल्यात शिरून दारू, संशय, जमिनीचा वाद, घरातले भांडण, चेटकाची भीती, इतकेच काय पण दिवसभराच्या श्रमाचा थकवा, अशी कारणे त्यांनी वेगवेगळी मांडली. आरोपीला त्याचे नाव आणि त्याची गोष्ट परत मिळाली, असे हे पुस्तक वाचताना वाटते.

1871 हे साल आम्ही मुद्दाम लक्षात ठेवतो. त्या साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. काही जमातींत मूल जन्माला येतानाच गुन्हेगारी वृत्ती घेऊन येते, या समजुतीला कायद्याचे बळ मिळाले. पुढच्या दुरुस्त्यांनी तर त्या जमातींची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहांत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्याच 1871 साली हंटर यांचे 'इंडियन मुसलमान्स' हे पुस्तक निघाले. राणीविरुद्ध बंड करणे मुसलमानांना धर्मानेच बंधनकारक आहे काय, असा प्रश्न त्याच्या मुखपृष्ठावरच होता. सर सय्यद अहमद खान यांनी लगोलग त्याला जाहीर उत्तर दिले. एका समाजाचे मूल जन्मतः चोर, दुसऱ्याचे जन्मतः बंडखोर आणि तिसऱ्याचे जन्मतः बुजरे. आलापल्लीच्या त्या वर्गातले गुरुजी हंटर वाचून आले नव्हते, पण वारा तिकडूनच वाहत आला होता. आणि कबूल करायला हवे, की अब्बांच्या डेपोवर आमचीच माणसे माडिया मजुरांना 'जंगली' आणि 'बुजदिल' म्हणत. तिथे इंग्रज कोणी नव्हता.

नानीच्या मुलखात याच काळात एक वेगळी गोष्ट घडत होती. राजुरा तालुका 1956 पूर्वी हैदराबादकडे, आदिलाबाद जिल्ह्यात होता. वर्धा नदीच्या अलीकडे इंग्रजी मध्य प्रांत, पलीकडे निजाम. जंगलाच्या हक्कांसाठी उठलेला कोमरम भीम 1940 मध्ये जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांची स्थिती अभ्यासायला ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला नेमले. त्यांच्या पुढाकाराने 1943 मध्ये मारलवाई या गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. मुलांसाठी गोंडी भाषेत वाचनपाठ तयार झाले आणि ते छापले देवनागरीत, कारण त्या भागातल्या गोंडांना मराठीची ओळख होती. दरबाराची भाषा उर्दू, आसपास तेलुगू आणि मराठी. तरी पहिला धडा गोंडीत, आणि शिकवणाराही गोंडच.

या कामात नंतर एक नाव जोडले गेले, जे मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून ठाऊक आहे: सेतुमाधवराव पगडी. 'सूफी संप्रदाय' लिहिणारे, फारसी-उर्दूवर प्रभुत्व असलेले पगडी निजामाच्या नोकरीत आदिलाबादेत होते. त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. सरकारी अधिकारी मुलाची भाषा शिकतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळते की 'मुक्या' रांगेतला एक पोरगा नकलाकार आहे, दुसरा भांडखोर आहे, तिसरा खरोखरच अबोल आहे. भाषा कळत नसते तोवर सगळी मुले सारखीच गप्प दिसतात. हे पगडींचे वाक्य नाही, आमचे आहे. पण ते सुचले त्यांच्या कामावरून.

मुलांच्या स्वभावाचा पद्धतशीर अभ्यास मात्र फार दूर, न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. साल 1956. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे मनोविकारतज्ज्ञ जोडपे. मूल बिघडले की आईचे काहीतरी चुकले असणार, असे मानण्याचा तो काळ होता. या दोघांनी 133 मुलांची तान्हेपणापासून वर्षानुवर्षे नोंद ठेवली. मूल किती हालचाल करते, भूक-झोप वेळेवर लागते का, नवे माणूस किंवा नवा पदार्थ समोर आला की पुढे सरकते की मागे, बदलाशी जुळवून घ्यायला किती वेळ लागतो, रडणे-हसणे किती जोरात, लक्ष किती टिकते, अशा नऊ गोष्टी त्यांनी पाहिल्या. सुमारे 40 टक्के मुले सोपी निघाली, 10 टक्के अवघड आणि 15 टक्के उशिरा रुळणारी. उरलेली कशातच नीट बसेनात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. 'उशिरा रुळणारे' म्हणजे नानीचे 'थोडी देर लगती उसकू'!

या वर्गवारीपेक्षा आम्हाला मोलाचा वाटतो तो त्यांचा दुसरा निष्कर्ष. स्वभाव स्वतःहून चांगला किंवा वाईट नसतो; तो आणि भोवतालची मागणी यांचा मेळ बसतो की नाही, यावर सारे अवलंबून. त्यांनी न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकोच्या कामगार कुटुंबांचीही मुले पाहिली. त्या घरांत मुलाने अमुक वाजता झोपलेच पाहिजे असा नियम नव्हता. म्हणून वेळी-अवेळी झोपणारे मूल कोणाला अवघड वाटत नव्हते. शाळा लागली, सकाळी उठणे आले आणि मग तक्रारी सुरू झाल्या. मूल तेच होते. उलट, चळवळ्या मुलांचा त्याच घरांत जाच होई, कारण खोल्या लहान आणि रस्ते धोक्याचे.

केनियातल्या मसाई पशुपालकांत मार्टेन डे व्हरिस या संशोधकाने 1970च्या दशकात दहा सर्वात सोपी आणि दहा सर्वात अवघड तान्ही मुले निवडली. मग दुष्काळ पडला, माणसे पांगली. परत गेला तेव्हा त्याला तेरा कुटुंबे सापडली. सोप्या सातांपैकी पाच बाळे दगावली होती. अवघड सहांपैकी एकच. आकडा लहान आहे, त्यावर फार मोठे मत उभे करू नये. पण रडून आकांत करणाऱ्या बाळाला आधी अंगावर घेतले जाते आणि शहाण्या बाळाला नंतर, हे कोणत्याही आईला पटेल. शांघायमधली गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे 1990 मध्ये लाजरी मुले वर्गात आवडती होती, त्यांना पुढारीपण मिळे, गुणही चांगले. 2002 मध्ये त्याच शहरातल्या लाजऱ्या मुलांना सोबती टाळू लागले होते. बारा वर्षांत मुलांची जात बदलली नव्हती. बाजार आला होता, धीटपणाची किंमत वाढली होती.

आता पुन्हा गडचिरोली. 26 ऑगस्ट 1982 रोजी हा जिल्हा वेगळा झाला. 1986 मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था इथे काढली. नवजात बाळांच्या मृत्यूवरचे त्यांचे काम जगभर गाजले. 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले गेले. 47 गावे तुलनेसाठी होती. घरोघरी जाऊन बाळ तपासणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, ही त्यांची कामे. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापले: नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. 2011 पासून देशभरच्या आशा ताईंच्या कामात ही पद्धत आली.

डॉक्टरी तपशिलात न जाता आम्हाला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. रक्त तपासायची सोय नसलेल्या झोपडीत जंतुसंसर्ग ओळखायचा कसा? आरोग्यदूत ज्या खुणा पाहते त्यांतल्या मुख्य अशा: आधी नीट रडणारे बाळ आता मंद रडते किंवा रडतच नाही, आधी नीट ओढणारे आता दूध ओढत नाही, हातपाय लुळे पडलेत. 'आधी' आणि 'आता'. बाळाची तुलना त्याच्याच कालच्या स्वतःशी. त्यासाठी बाळ चांगले असताना पाहिलेले हवे, पुन्हा पुन्हा पाहिलेले हवे. लांबच्या दवाखान्यातला डॉक्टर कितीही हुशार असो, त्याच्याकडे हा 'आधी' नसतो. गावातल्या, चार इयत्ता शिकलेल्या बाईकडे तो असतो. इब्न सीनांचा पहिला विचार, प्रत्येकाचा मिजाज त्याच्याच मापाने मोजण्याचा, आम्हाला गडचिरोलीच्या झोपडीत असा भेटला. आणि घरचे 'किती गुणी, रडत नाही' म्हणतात ते गप्प बाळच कधी कधी सर्वात जास्त धोक्यात असते, हेही तिथेच कळले.

बाळ वाचले, सहा वर्षांचे झाले की शाळा येते. या दोन जिल्ह्यांत दूरच्या पाड्यांवरच्या पोरांसाठी शाळा म्हणजे बहुधा आश्रमशाळा. जून महिना, पाऊस, लोखंडी पेटी. काल रात्री जे पोर आईच्या कुशीत, चुलीच्या उजेडात झोपले ते आज शंभर मुलांच्या खोलीत सतरंजीवर. घंटेला उठायचे, घंटेला जेवायचे, ओळीत उभे राहायचे, आणि हे सारे परक्या भाषेत. सोपे मूल चार दिवसांत रमते. अवघड मूल आरडाओरडा करते, पळून जाते. जंगलातून पंधरा-वीस किलोमीटर चालत घरी पोचलेल्या पोरांच्या गोष्टी या भागात घरोघर ऐकायला मिळतात. उशिरा रुळणारे मूल पळतही नाही आणि बोलतही नाही. ते कोपऱ्यात बसते. पहिल्या महिन्यातच त्याच्यावर 'मठ्ठ' असा शिक्का बसतो आणि मग ते सातवीपर्यंत मठ्ठच राहते. तीन प्रकारची मुले, तीन प्रकारची दुखणी. आणि शिक्षकांच्या खोलीत त्याला उत्तर एकच: आदिवासी पोरांना शाळेची गोडी नाही.

असेच असायला हवे, असे मात्र नाही. भामरागडजवळ हेमलकशाला बाबा आमट्यांनी 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि 1976 मध्ये तिथे निवासी शाळा निघाली. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली, हे सर्वश्रुत आहे. शाळेच्या इमारतीपेक्षा आम्हाला ती गोष्ट मोठी वाटते. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, डहाणूच्या वारली पाड्यांत, त्याही आधी ताराबाई मोडकांनी वाट काढली होती. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून पाड्यातल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरे राखायला गेलेल्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. गुरे चरताहेत आणि झाडाखाली शाळा भरली आहे. बुजरे मूल आपल्या अंगणात बुजरे नसते. समोर आलेल्या बाईकडे ते आईच्या पदराआडून पाहते, दुसऱ्या दिवशी पदर सोडते, चौथ्या दिवशी खडे मोजायला बसते. ही 'थोडी देर' ताराबाईंनी शाळेच्या रचनेतच धरली होती.

2019 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मारलवाईनंतर शहात्तर वर्षांनी.

आणि आमचा मोहल्ला? चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, सिरोंचा, कुठेही जा, आमच्या पोरांच्या पाठीवर 'यांच्यात शिक्षण नाही' हे वाक्य चिकटवलेले आहेच. 2006 च्या सच्चर समितीने सांगितले, की 6 ते 14 वयोगटातली सुमारे एक चतुर्थांश मुस्लिम मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा गळाली होती. त्याची कारणे गरिबी, शाळांचे अंतर, हेटाळणी अशी अनेक आहेत आणि त्यांवर खूप लिहिले गेले आहे. पण त्या चतुर्थांशात आमच्या भावासारखी किती असतील, ज्यांना फक्त एका वर्षाची थोडी देर हवी होती, हे कोणत्याही समितीच्या तक्त्यात येत नाही.

घरातही आम्ही काही वेगळे वागत नाही. मुलगी लाजरी असली की 'कितनी हयावाली बच्ची है' आणि मुलगा लाजरा असला की 'लडकी है क्या?' एकच मिजाज, मुलीत गुण आणि मुलात ऐब. बडबडी, धावणारी, प्रश्न विचारणारी मुलगी तर सर्वात अवघड; तिच्या मिजाजाची मराठीतली 'मिजास' व्हायला वेळ लागत नाही. मदरशांतल्या छडीविषयी बोलले की काही वडीलधारे नाराज होतात. त्यांनी इब्न खल्दून वाचावेत. 1377 मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त त्यांनी सांगितले आहे, की सक्तीने वाढलेले मूल मिटून जाते, आळशी होते, माराच्या भीतीने खोटे बोलायला शिकते आणि शेवटी ते खोटे त्याचा स्वभाव बनून जाते. पुढे ते म्हणतात की जुलमाखाली राहिलेल्या कौमांचेही असेच होते. एका लहानशा उताऱ्यात त्यांनी गुरुजींचे वाक्य उलटे करून ठेवले आहे. जमातीचा म्हणून जो स्वभाव दिसतो तो मुळात तिच्या मुलांशी कोण कसे वागले, याचा परिणाम असतो.

आमच्या भावाने नववीत शाळा सोडली. पुढे तो बल्लारपूरला मोटर रिवाइंडिंगचे काम शिकला आणि आता त्याचे स्वतःचे दुकान आहे. गिऱ्हाईक येते, तक्रार सांगते. हा मोटरवर हात ठेवून बराच वेळ नुसता ऐकत राहतो. गिऱ्हाईकाला वाटते याला ऐकूच आले नाही. मग तो नेमके काय जळले ते सांगतो.

त्याला मुलगा झाला तेव्हा नानी हयात होती. पोर रात्ररात्र रडायचे. भावजय पाळणा हलवून दमायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नानीने पाळण्याची दोरी तिच्या हातातून काढून घेतली, पाळणा थांबवला आणि जुने एक लोरीचे गाणे बारीक आवाजात म्हणू लागली. पोर गप्प झाले. नानी भावजयीला म्हणाली, "झुला नै होना इसकू. आवाज होना."